द बेअर मालिकेतलं खाणं, किचनची भाषा आणि शिकागो: समजून घेऊया

गंगापूररोडकर:
आमच्या ग्रुपमधे बऱ्याच जणांनी द बेअर चालू केली आणि दोन एपिसोडनंतर सोडून दिली. तक्रार सगळ्यांची एकच, नुसता आरडाओरडा चालतो, कोण काय म्हणतंय कळत नाही आणि एवढं खाणं दाखवतात त्यातलं एकही ओळखीचं नाही. मला ही मालिका फार जवळची वाटते, म्हणून त्यातलं खाणं आणि त्यामागचं जे काही मला माहितीये ते इथे लिहून ठेवतोय. मी हॉटेल मॅनेजमेंट करून हॉटेलच्या किचनमधे काम केलंय आणि आता नाशकातच केटरिंग करतो, त्यामुळे किचनचा भाग मी बोलू शकतो, शिकागोत राहणारं कोणी असेल तर त्यांनी भर घालावी. कथानक थोडंफार उघड होणारच, ज्यांना चालत नसेल त्यांनी पहिले दोन सीझन बघून मग इकडे या.

गोष्ट अशी की कार्मी नावाचा तरुण शेफ, मोठमोठ्या रेस्टॉरंटमधे काम केलेला, त्याचा मोठा भाऊ मायकी जीव देतो आणि शिकागोतलं घरचं सँडविचचं दुकान ह्याच्या गळ्यात येऊन पडतं. दुकानावर कर्ज, जुना स्टाफ ऐकत नाही, मायकीचा दोस्त रिची तर उघड भांडतो, आणि त्यात सिडनी नावाची हुशार मुलगी नोकरीला येते. पहिला सीझन जून २०२२ मधे आला, आठच एपिसोड आहेत.

आता ते सँडविच, कारण तेच कळलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. दुकानाचं नाव द ओरिजिनल बीफ ऑफ शिकागोलँड. इटालियन बीफ हे शिकागोचं स्वतःचं खाणं, इटलीत जाऊन मागितलंत तर मिळणार नाही. शिकागोत युनियन स्टॉक यार्ड्स म्हणून जनावरांचा आणि मांसाचा प्रचंड मोठा बाजार होता, १८६५ ला सुरू झाला आणि १९७१ ला बंद झाला. तिथे काम करणाऱ्या इटालियन मजुरांच्या वाट्याला मांसाचे कडक, स्वस्त तुकडे यायचे असं सांगतात. मग ते मसाल्याच्या पाण्यात मंद आचेवर शिजवायचे, कागदासारखे पातळ कापायचे आणि त्याच रसात परत बुडवून ब्रेडमधे भरायचे. गरिबाघरच्या लग्नात थोडक्या मांसात खूप माणसं जेवली पाहिजेत म्हणून ही पातळ कापायची पद्धत वाढली. आपल्याकडे मिसळीचं जे स्थान आहे तेच ह्या सँडविचचं तिकडे, कामगाराचं पोट भरणारं, रस्सा जीव असलेलं, आणि कोणाची चांगली ह्यावर वर्षानुवर्षं वाद चालणारं. एवढं डोक्यात ठेवलं की रिची का चिडतो ते कळतं. त्याच्या दृष्टीने कार्मी बाहेरून शिकून आलाय आणि गल्लीतल्या लोकांचं खाणं त्यांच्याकडून काढून घ्यायला निघालाय.

मला ह्या मालिकेबद्दल मुख्य जे सांगायचंय ते असं की इथे खाणं दोन प्रकारचं आहे, एक विकायला केलेलं आणि एक कोणा एका माणसासाठी केलेलं. भांडणं सगळी पहिल्या प्रकारावरून होतात, आणि जे ह्या माणसांना एकमेकांना तोंडाने सांगता येत नाही ते दुसऱ्या प्रकारातून सांगितलं जातं. हे धरून बघा, गोंगाटाचा त्रास निम्मा कमी होईल.

तर्रीबाज:
मस्त भो, असा धागा पाहिजेच होता. मिसळीचं लिहिलंत ते एकदम पटलं, आपल्याकडे पण रविवारी सकाळी कुठली मिसळ यावरून घरात दोन पार्ट्या पडतात. पण मला ते ऑर्डर देताना काय काय ओरडतात ते कळलं नाही, हॉट, स्वीट, डिप्ड वगैरे. आणि सगळे एकमेकांना शेफ शेफ का म्हणतात? भांडी घासणारा पण शेफ?

नेपरविलची_नाशिककर:
मी मूळची पंचवटीची, आता शिकागोजवळ राहते, हे मी सांगते. बीफच्या दुकानात काउंटरवर तुम्हाला दोनच गोष्टी पटकन सांगायच्या असतात, रस किती आणि तिखट कोणतं. ड्राय म्हणजे रस निथळून, वेट म्हणजे वरून थोडा रस घालून, आणि डिप्ड म्हणजे अख्खं सँडविच ब्रेडसकट रसात बुडवून काढायचं. हॉट म्हटलं की जार्दिनेरा घालतात, म्हणजे गाजर, फ्लॉवर, सेलरी आणि मिरच्या, इटलीत हे व्हिनेगरमधे असतं पण शिकागोत तेलात मुरवलेलं आणि चांगलं झणझणीत. स्वीट म्हणजे गोड काही नाही हं, भाजलेली बिनतिखट सिमला मिरची. कॉम्बो म्हणजे आत इटालियन सॉसेज पण. मागे रांग असते, विचार करत उभं राहिलं तर लोक अस्वस्थ होतात, त्यामुळे आधी ठरवून जायचं. खायची पण पद्धत आहे, कोपर काउंटरवर टेकवायचे, पाय मागे घ्यायचे आणि वाकून खायचं म्हणजे रस कपड्यावर सांडत नाही. आमच्यात मोठं मांस खात नाहीत, मी जार्दिनेरा आणि मिरची घातलेलं अंड्याचं सँडविच घेते, पण नवऱ्याच्या ऑफिसच्या लोकांना खाताना बघून हे सगळं पाठ झालंय.

मालिकेतलं दुकान बाहेरून जे दिसतं ते मिस्टर बीफ नावाचं खरं दुकान आहे, ऑर्लिन्स स्ट्रीटवर, रिव्हर नॉर्थ भागात. तो भाग आधी कारखान्यांचा होता, आता तिथे आर्ट गॅलऱ्या आणि महागडी रेस्टॉरंट आहेत. रिची सारखा म्हणतो ना की आजूबाजूचं सगळं बदललं, ते तिथल्या जुन्या लोकांच्या तोंडचंच आहे.

अजून एक, हॉट डॉगवर केचप. शिकागोच्या हॉट डॉगवर मोहरीचा सॉस, कांदा, टोमॅटो, हिरवीगार रेलिश, काकडीचं लोणचं, छोट्या मिरच्या आणि सेलरी सॉल्ट असतं, आणि पाव खसखस लावलेला. केचप मोठ्या माणसाने मागितलं तर लोक खरंच नाराज होतात.

गंगापूररोडकर:
ताई खूप खूप धन्यवाद, हे सगळं मला असं सलग कोणी सांगितलं नव्हतं.

@तर्रीबाज, शेफचं असं आहे की मोठ्या किचनमधली उतरंड एस्कॉफिए नावाच्या फ्रेंच शेफने बसवली, १८९० च्या दशकात लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात. सैन्यासारखी रचना, म्हणून तिला ब्रिगेड म्हणतात. हेड शेफ, खाली सू शेफ, मग एकेका विभागाचा प्रमुख, सगळ्यात खाली कॉमी. आपल्याकडच्या स्टार हॉटेलांत आजही हेच चालतं. कार्मी ही उतरंड सँडविचच्या दुकानात आणतो आणि त्याच वेळी प्रत्येकाला शेफ म्हणायला लावतो, म्हणजे शिस्त पण आणि मान पण. जुन्या स्टाफमधली टीना पहिल्यांदा हे ऐकून चेष्टा करते आणि नंतर तीच किती अभिमानाने येस शेफ म्हणते ते बघा. मी कॉमी असताना मला कोणी नावाने पण हाक मारायचं नाही, अरे पोऱ्या एवढंच, त्यामुळे मला तो बदल बघून भरून येतं.

बाकी ओरडणं हे सुरक्षेसाठी असतं. बिहाइंड म्हणजे मी तुझ्या मागून जातोय, हातात गरम काहीतरी आहे, वळू नको. कॉर्नर म्हणजे कोपऱ्यावरून येतोय. हर्ड म्हणजे ऐकलं, कळलं. हँड्स म्हणजे पासवर, म्हणजे तयार ताटं ठेवायच्या ओट्यावर, ताट तयार आहे, न्यायला या. एटी सिक्स म्हणजे तो पदार्थ संपला, ऑर्डर घेऊ नका. गरम तेलाच्या कढया आणि धारदार सुऱ्या असलेल्या अरुंद जागेत दहा माणसं फिरत असतात, तिथे शांत बसून कसं चालेल.

सिडनी म्हणते की ती सीआयएमधे शिकली, तेव्हा आमच्याकडे सगळ्यांना ती गुप्तहेर वाटली. ते कलिनरी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका, न्यूयॉर्क राज्यातलं नावाजलेलं कॉलेज.

द्राक्षवेल:
मी एका वायनरीच्या रेस्टॉरंटमधे किचनला आहे. डब्यांवरच्या टेपबद्दल लिहायचं राहिलं म्हणून लिहितेय. प्रत्येक डब्यावर टेप लावून पदार्थाचं नाव आणि तारीख लिहायची, आणि ती टेप फाडायची नाही, कात्रीने सरळ कापायची. बाहेरच्या माणसाला हे वेड वाटेल पण त्या सरळ कडेवरून कळतं की हा माणूस कुठून शिकून आलाय. आणि ते लोक प्लास्टिकच्या डब्यातून पाणी पितात ना, ते सूप किंवा सॉस भरायचे डबे असतात, ग्लास फुटला तर काच जेवणात जाईल म्हणून किचनमधे ग्लास नको. आमच्याकडे पण तसंच पितात. इतकी बारीक गोष्ट मालिकेत दाखवलीय हे बघून मी सुपरवायझरला पण बघायला लावलं.

मॅटी मॅथेसन, जो फॅक म्हणून काम करतो, तो खरा शेफ आहे, आणि त्यालाच मालिकेत दुरुस्तीची कामं करणारा दाखवलंय. मालिका बनवणाऱ्या क्रिस्टोफर स्टोररची बहीण पण शेफ आहे, जेवणाची बाजू ती बघते. त्यामुळे कांदा कापताना हात खोटे वाटत नाहीत.

मखमलाबाद_नाका:
आमचं मिसळीचं छोटं दुकान आहे त्यामुळे पहिल्या सीझनचा सातवा एपिसोड, रिव्ह्यू, मी बसून पूर्ण बघू शकलो नाही, मधे उठून बाहेर गेलो, छातीत धडधडायला लागलं. ऑनलाइन ऑर्डरच्या मशीनवर आगाऊ ऑर्डर घ्यायचं चालू राहतं आणि प्रिंटरमधून केओटी, म्हणजे किचनला जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठ्या, निघतच राहतात निघतच राहतात, ते बंद व्हायचं नाव घेत नाही. आमच्याकडे पण एकदा सणाच्या दिवशी ॲपवर स्टॉक बंद करायचा राहून गेला होता, मटकी संपली, पाववाला आला नव्हता, आणि डिलिव्हरीची पोरं दारात गाड्या लावून उभी. जो त्यातून गेलाय त्याला तो एपिसोड म्हणजे काय आहे ते सांगावं लागत नाही. बहुतेक सगळा एपिसोड एका सलग शॉटमधे घेतलाय, अठरा मिनिटांच्या आसपास, कॅमेरा कट होत नाही त्यामुळे श्वास घ्यायला जागाच मिळत नाही.

एक विचारायचं होतं, रिव्ह्यूमधे ज्या पदार्थाचं कौतुक छापून येतं तो काय प्रकार आहे, आणि कौतुक आलंय तर भांडण कशाला?

गंगापूररोडकर:
तो कोलामधे शिजवलेला शॉर्ट रिब आणि खाली रिसोटो. शॉर्ट रिब म्हणजे बरगडीचं मांस, तासन् तास मंद शिजवावं लागतं, कोलातली साखर आणि आंबटपणा त्याला रंग आणि मऊपणा देतो. रिसोटो म्हणजे इटालियन भात, थोडा थोडा रस घालत ढवळत राहायचं. सिडनीने तो केला, कार्मी म्हणाला अजून तयार नाही, मेनूवर नको. तिने एका गिऱ्हाइकाला असाच खाऊ घातला आणि तो निघाला समीक्षक. म्हणजे दुकानाचं नाव झालं ते नेमकं अशा पदार्थावर जो दुकान विकतच नाही. आता कार्मीच्या जागी स्वतःला ठेवून बघा. आणि सिडनीची पण चूक कशी म्हणणार, पदार्थ चांगला होता, तिला कोणीतरी तो खाऊन बघायला हवा होता. ते भांडण मला दोन्ही बाजूंनी खरं वाटतं.

नाशिकरोड_कॅथलिक:
फिशेस एपिसोडबद्दल मी थोडं सांगू शकेन. दुसऱ्या सीझनचा सहावा, जवळजवळ तासाभराचा, ख्रिसमसच्या आदल्या रात्रीचा. सात माशांचं जेवण ही अमेरिकेतल्या इटालियन लोकांची पद्धत. जुन्या नियमाप्रमाणे मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी मांस वर्ज्य असायचं, मासे चालायचे. मूळ इटलीत त्या रात्री मासे खातात पण सातच पाहिजेत असं काही सगळीकडे नाही, सातचा आकडा अमेरिकेत जास्त घट्ट झाला. सातच का, तर कोणी सात संस्कार म्हणतं, कोणी सात दिवसांत सृष्टी केली म्हणून म्हणतं, मालिकेत पण पाहुण्यांमधे हाच प्रश्न निघतो आणि धड उत्तर कोणाकडेच नसतं. आमच्याकडे पण असं खूप असतं की घरात चालत आलंय म्हणून करायचं.

तर्रीबाज:
म्हणजे एकादशी दुप्पट खाशी! मांस नको म्हणून सात प्रकारचे मासे.

नाशिकरोड_कॅथलिक:
बरोबर, पण त्या घरात ते ओझं होऊन बसलंय हे जास्त महत्त्वाचं. आई डोना एकटी किचनमधे, प्रत्येक ओट्यावर भांडी, टायमर वाजतायत, ती वाइन पितेय, आणि मदतीला कोणी गेलं तर हाकलते आणि कोणी नाही गेलं तर माझ्यासाठी कोणी काही करत नाही म्हणून रडते. मी ह्यात माझ्या ओळखीतल्या कितीतरी बायका बघितल्या, सणाच्या दिवशी सगळ्यांचं करून स्वतः शेवटी उभ्याने खाणाऱ्या. जेवण अप्रतिम झालंय आणि टेबलावर एकालाही घास गिळत नाहीये. कार्मीला जेवण करायचं वेड पण ह्याच किचनमधून लागलं आणि भीती पण इथूनच आली.

त्याच एपिसोडमधे कानोली दिसतात, सिसिलीचा गोड पदार्थ, तळलेली कुरकुरीत नळी आणि आत रिकोटा चीजचं गोड सारण. कार्मी त्या ताटाकडे बघत बसतो. पुढे ह्याच कानोलीचा दुकानात गोड पदार्थ करणारा मार्कस मोर्टाडेला (इटालियन सॉसेजचा प्रकार) घालून तिखटमिठाचा प्रकार करतो आणि नाव ठेवतो मायकल, म्हणजे मायकीचं खरं नाव. ज्याने आधीचा एपिसोड बघितलाय त्याला ते ताट पासवर आलं की काय होतं ते मी लिहून सांगू शकत नाही.

कॉलेजरोड_४२२:
सगळं वाचलं, छान लिहिताय पण माझं मत वेगळं आहे. अशा मालिकांमुळे शिव्या खात अठरा तास राबणं म्हणजे काहीतरी मोठं काम असं मुलांना वाटायला लागतं. माझा भाचा हॉटेल मॅनेजमेंटला आहे, ट्रेनिंगमधे त्याला काय सहन करावं लागलं ते मला माहितीये. आणि ह्याला कॉमेडीची बक्षिसं!

गंगापूररोडकर:
तुमचं म्हणणं मी मनावर घेतो, कारण मी पण तसल्या किचनमधे उभा राहिलोय आणि त्यातलं काहीच चांगलं नव्हतं. पण मालिका त्या वागण्याची बाजू घेते असं मला नाही वाटत. कार्मीच्या जुन्या शेफचे प्रसंग बघा, कानाशी येऊन हळू आवाजात अपमान करतो, आणि तो आवाज कार्मीच्या डोक्यातून पुढे कधीच जात नाही. तोच कार्मी तसाच सिडनीवर, मार्कसवर ओरडतो तेव्हा मालिका त्याला शाबासकी देत नाही, माणसं उठून निघून जातात. ह्याच्या उलट फोर्क्स बघा, दुसऱ्या सीझनचा सातवा. रिचीला एव्हर नावाच्या रेस्टॉरंटमधे शिकायला पाठवतात, हे शिकागोतलं खरं रेस्टॉरंट आहे. तिथे त्याला काटे पुसायला बसवतात. कोणी शिवी देत नाही, आवाज चढवत नाही, आणि तरी शिस्त आपल्या किचनच्या दसपट.

तिथे एक कुटुंब बोलताना ऐकू येतं की शिकागो सोडायची वेळ आली पण डीप डिश पिझ्झा, म्हणजे खोल भांड्यात केलेला शिकागोचा जाड पिझ्झा, खायचा राहिला. रिची धावत जाऊन पीक्वॉड्स नावाच्या पिझ्झाच्या दुकानातून पिझ्झा आणतो, शेफ तो छोटा गोल कापून सुंदर सजवून त्यांच्यापुढे ठेवतात. बाहेरून विकत आणलेला पिझ्झा, पण त्या माणसांसाठी आणलेला. मी वर जे म्हटलं ना, दोन प्रकारचं खाणं, ते रिचीला तिथे उमगतं आणि त्यानंतर तो सूट घालायला लागतो.

कॉमेडीचं म्हणाल तर एमी म्हणजे टीव्हीच्या मोठ्या बक्षिसांमधे, त्या विभागात २०२४ ला दुसऱ्या सीझनला ११ बक्षिसं मिळाली, एका वर्षात कॉमेडी मालिकेला तोपर्यंत मिळालेली सगळ्यात जास्त. विभाग बरोबर आहे का यावर तिकडे पण वाद झाला. माझ्या मते हसू खूप आहे, फक्त जोक सांगून येत नाही, घरातली माणसं भांडता भांडता जशी मधेच हसतात तसं येतं.

नेपरविलची_नाशिककर:
डीप डिशबद्दल एक सांगते, ही १९४३ साली पिझ्झेरिया उनोपासून सुरू झाली असं मानतात. इथले लोक रोज ती खात नाहीत, रोजचा पिझ्झा पातळ कुरकुरीत आणि चौकोनी तुकडे केलेला असतो. डीप डिश पाहुणे आले की. म्हणून त्या कुटुंबाची हळहळ एकदम पाहुण्यांची आहे, आणि रिची पक्का शिकागोचा असल्यामुळे त्यालाच ती कळते.

द्राक्षवेल:
माझा सगळ्यात आवडता प्रसंग ऑम्लेटचा, दुसऱ्या सीझनचा नववा. कार्मीची बहीण नॅटली गरोदर आहे, दिवसभर काही खाल्लेलं नाही, सँडविचच्या दुकानाच्या जागी नवं रेस्टॉरंट उघडायची गडबड. सिडनी तिला विचारते आणि ऑम्लेट करून देते. फ्रेंच पद्धतीचं, वरून जराही लाल न होऊ देता गुंडाळलेलं, आत बूरसाँ चीज, वर चिरलेली चाइव्हज आणि चुरलेले साअर क्रीम अँड अनियनचे वेफर्स. उत्तम तंत्र आणि वर दुकानातला वेफर. नॅटली पहिला घास घेते आणि तिला विचारतात कसं झालंय तर तिला बोलता पण येत नाही. अंडं असं करायला हात बसायला फार वेळ लागतो, मंद आचेवर सतत हलवत राहायचं आणि नेमक्या क्षणी थांबायचं. मी घरी जावेसाठी केलं होतं, वर आपला साधा खारा वेफर घातला, चीज साधंच, तरी आवडलं.

मखमलाबाद_नाका:
आणि टोमॅटोचे डबे विसरू नका. मायकीच्या हातची स्पॅगेटी कार्मी मेनूवरून काढून टाकतो, रिची त्यावरून सारखा भांडतो. पहिल्या सीझनच्या शेवटी मायकीची चिठ्ठी मिळते, एका बाजूला निरोप आणि दुसऱ्या बाजूला तीच रेसिपी, आणि लिहिलेलं की छोटे डबे वापर, त्याची चव चांगली लागते. कार्मी ते डबे उघडतो आणि आत नोटांच्या गुंडाळ्या. मला पैशापेक्षा हे लागलं की भाऊ रेसिपी करून बघेपर्यंत त्याला ते कळणारच नव्हतं. वडिलांनी मला मसाल्याचं माप कधी लिहून दिलं नाही, शेजारी उभं राहूनच शिकलो, त्यामुळे असेल.

पंचवटी_वाचक:
किती सुंदर धागा. मला आईबरोबर बघायचीये, तिला स्वयंपाकाचं काही असलं की आवडतं, पण शिव्या फार आहेत असं ऐकलं. कुठून सुरू करू?

गंगापूररोडकर:
शिव्या आहेत आणि भरपूर आहेत, ते टाळता येणार नाही, आधीच सांगून ठेवा. आईंसाठी मी नॅपकिन्स सुचवीन, तिसऱ्या सीझनचा सहावा. आधीच्या काळातली गोष्ट आहे त्यामुळे एकटा एपिसोड पण कळतो. टीनाची बऱ्याच वर्षांची नोकरी जाते, वय वाढलेलं, घरभाडं वाढलेलं, सगळीकडे नकार. एक दिवस ती ह्या दुकानात फक्त कॉफी घ्यायला शिरते, एक सँडविच जास्तीचं झालेलं असतं ते तिला तसंच देतात, आणि ते खाता खाता तिला रडू फुटतं. मग मायकी समोर येऊन बसतो आणि दोघं बोलत राहतात. एपिसोड सिडनीचं काम करणाऱ्या आयो एडिबिरीने दिग्दर्शित केलाय. टीना झालेल्या लिझा कोलोन-झायासला दुसऱ्या सीझनच्या कामासाठी एमी मिळालाय. हे आवडलं तर मग पहिल्यापासून लावा, इंग्रजी सबटायटल चालू ठेवून. फिशेस मात्र पहिला सीझन झाल्याशिवाय लावू नका, आणि लावाल तेव्हा जेवणं आधी आटपून घ्या.